अर्धी जोडी

दोन डाव्या बुटांची एक जोडी आमच्या कारखान्यातून बाहेर गेली, आणि ती मी पाठवली असं संघातले सगळे म्हणतात. साफ खोटं. पाठवली आमच्या ह्यांनी. मी फक्त हिशेबात लिहिली होती.

कारखाना म्हणायचं आपलं. घराच्या खालच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत माझी नणंद बूट बनवते. वयाने माझ्याहून लहान आहे, पण लग्नानंतर मी तिला चिडवायला ‘वन्सं’ आणि ‘अहो-जाहो’ सुरू केलं, ते चिकटलंच. वन्सं सगळ्यांसाठी बूट बनवत नाहीत. ज्यांच्या दोन पायांचं एकमेकांशी पटत नाही, त्यांच्यासाठी बनवतात. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा घोटा वळलेला, कुणाला पायच एक. त्यामुळे आमच्याकडे जोडी हा प्रकारच नाही. डावा वेगळा बनतो, उजवा वेगळा बनतो, आणि पुष्कळदा दुसरा बनतच नाही.

मागच्या खोलीत मी, कॉम्प्युटर आणि हिशेब. मधे काच आहे. वन्सं गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घेऊन माप घेतात तेव्हा त्यांचा चेहरा मला तिथून दिसतो. इतक्या वर्षांत तो कंटाळलेला पाहिला नाही. माझा चेहरा तिकडून कसा दिसतो ते त्या सांगत नाहीत, शहाण्या आहेत. माझ्या नाकावर राग असतो, हे गल्लीत कुणालाही विचारा. आमचे हे निवृत्त झाल्यापासून पॅकिंग बघतात आणि दिवसभर चहा करतात. पायात दोन रंगांचे मोजे घालून फिरणारा माणूस. त्यांच्या हाती बूट दिले हीच खरी चूक.

आमच्यासारख्या पाच-सहा छोट्या कारखान्यांनी मिळून एक संघ काढला, तिथून हे सगळं सुरू झालं. चामड्याचा व्यापारी एकट्यादुकट्याला उभं करत नाही, म्हणून चामडं एकत्र घ्यायचं. शिवाय एकाकडे तयार पडलेला बूट दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाला चालत असेल तर तो तिकडे पाठवायचा. त्यासाठी कुणाकडे काय पडलंय ते सगळ्यांना दिसायला हवं, म्हणून सगळ्यांनी एकच हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. हे सॉफ्टवेअर कुठल्या कंपनीचं नाही. देशोदेशीचे लोक मिळून ते बनवतात, आतली रचना सगळ्यांना उघडी, वापरायला फुकट. फुकट म्हटल्यावर मला आधी शंकाच आली. पण चांगलं निघालं. आणि त्याला एक स्टँडर्ड होतं. म्हणजे कुठली माहिती कुठल्या रकान्यात आणि कुठल्या शब्दात लिहायची, याचे सगळ्यांनी मिळून ठरवलेले नियम. स्वयंपाकघरात मिठाचा डबा ठरल्या जागी असला की आलेल्या पाहुणीलाही भाजी करता येते, तसं. माझी यादी दुसऱ्या गावच्या कॉम्प्युटरला न विचारता वाचता यायची.

आता त्या स्टँडर्डमध्ये वस्तू मोजायची एककं दिलेली होती, आणि संघाने ठरवलं होतं की बूट म्हणजे ‘जोडी’. मी म्हटलं, अहो, आमच्याकडे जोडी नसते. तर म्हणे, बूट जोडीनेच मोजतात. ठीक. मी पण डोकं चालवलं. एका बुटाला लिहिलं अर्धी जोडी. शून्य पूर्णांक पाच. सॉफ्टवेअरने मुकाट्याने घेतलं आणि मी स्वतःवर इतकी खूश झाले की दोन दिवस घरात कुणावर ओरडले नाही.

झालं काय, की एका मापाचे दोन काळे डावे आमच्या फळीवर होते. अर्धी अधिक अर्धी, एक जोडी. संघाच्या यादीत ती दिसली. संघाच्या अध्यक्षबाईंनी त्यांच्या कारखान्याच्या गिऱ्हाइकासाठी मागवली. चिठ्ठी आली, ‘एक जोडी, काळी’, ह्यांनी फळीवरचे दोन बूट उचलले, खोक्यात घातले, वर फीत बांधली. पलीकडे कुणी खोकं उघडूनही पाहिलं नाही. ते गेलं एका गायनवृंदाच्या संचालिकेकडे, ऐन कार्यक्रमाच्या दिवशी. बाई व्यासपीठावर मोज्यांवर उभी राहिली.

अध्यक्षबाई मोठ्याने बोलत नाहीत, पण बोललेलं लागतं. बैठक आमच्याच पुढच्या खोलीत होती. त्या म्हणाल्या, “एकेकट्या बुटांचा हिशेब जमत नसेल तर संघाने जोड्यांपुरतंच काम करावं. एकेकटे बनवणाऱ्यांनी आपापलं बघावं.”

बाकी सगळे दोन्ही बनवतात. नुसते एकेकटे बनवणारे आम्हीच. आपापलं बघायचं म्हणजे चामड्याशिवाय बघायचं. वन्सं हातातला बूट उलटा करून त्याच्या टाचेकडे बघत राहिल्या. मला माहीत होतं, बाजारातल्या मोठ्या दुकानाने त्यांना कधीचं बोलावलं होतं. तिथे खोकी काढून द्यायची, ‘नऊ नंबर बघू का’ विचारायचं. मापं घ्यायची नाहीत. माझ्या अर्ध्या जोडीपायी ही बाई तिथे जाऊन उभी राहणार, असं मनात आलं. शरम वाटली. शरमेचं माझं फारसं जमत नाही, तिचा लगेच राग होतो.

“माझं चुकलं,” मी म्हटलं. “पण तुम्ही मंडळी डावा बूट कसा लिहिता, तेवढं सांगा. सगळ्यांनी.”

मग नदीकाठच्या कारखान्याचे दाढीवाले खाकरले. “मी डाव्याला वजा लिहितो.”

“म्हणजे दहा डावे आणि दहा उजवे असले तर?”

“शून्य दिसतं,” ते म्हणाले. माणूस प्रामाणिक.

दुसऱ्या एकाने डाव्याच्या मापात शंभर मिळवले होते. वन्सं पहिल्यांदाच हसल्या, “एकशे चाळीस नंबरचा बूट? अहो, हत्ती येतो की काय तुमच्याकडे?” शेवटी सगळे अध्यक्षबाईंकडे बघायला लागले. त्यांनी पदर सारखा केला. त्या डाव्याचा रंग काळा लिहीत आणि उजव्याचा तपकिरी.

“आणि डावा खरंच तपकिरी असला तर?” मी विचारलं.

“मग मला फोन करतात,” अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि खोलीत असा काही हशा उसळला की ह्यांना वाटलं भांडण मिटलं, म्हणून ते चहा घेऊन आले. मिटलं नव्हतं. प्रत्येकाने आपल्यापुरती चोरवाट काढली होती आणि ती दुसऱ्याला कळायची नाही. बाई म्हणाल्या, पुढच्या बैठकीपर्यंत याला सगळ्यांची एक वाट काढा, नाहीतर माझं म्हणणं कायम. आणि वाट काढायची तर ती स्टँडर्डमध्येच काढावी लागणार, तेव्हा वहिनी, तुम्हीच निस्तरा.

स्टँडर्डचं काम करणारी मंडळी इंटरनेटवर एका पानावर चर्चा करतात. कुणीही लिहावं. मी लिहिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. लिहिलं, “आपणांपैकी कुणाला पाय आहेत की नाहीत?”

उत्तर आलं त्यांच्या संयोजकाचं. फोटोत जाड चष्मा, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव चष्मेवाला. “मला दोन आहेत,” त्याने लिहिलं होतं, “आणि आपली अडचण खरी आहे. पण रोज कुणीतरी नवा रकाना मागतं. मासेवाल्यांना ताजेपणाचा हवा, फुलवाल्यांना वासाचा हवा. सगळ्यांना दिला तर फॉर्म गावभर लांब होईल आणि तो कुणीच नीट भरणार नाही. म्हणून आमचा नियम आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या आणखी तीन धंद्यांना तोच रकाना लागत असेल, आणि त्यांनी आपले खरे नमुने दिले, तर विचार करू.”

मी कॉम्प्युटर बंद केला आणि घरभर आदळआपट केली. फुकट काम करतात म्हणून उपकार करतात काय? कोण हा टिकोजीराव? हे शांतपणे कप विसळत म्हणाले, “बरोबर बोलतोय तो. अध्यक्षबाईंचा तपकिरी रंग आठव.” नवरा आपल्या बाजूने बोलत नाही, आणि वर बरोबर बोलतो, याहून वाईट काही नसतं.

तीन धंदे. डावं-उजवं कुणाला लागतं? मी दारात उभी राहिले आणि शेजारच्या दुकानाची पाटी समोर आली. मोटारींचे सुटे भाग. त्या पाटीवरूनच आमचं भांडण. त्याची पाटी माझ्या दारात येते, मी ती सरकवते, तो परत आणतो. आम्ही बोलत नव्हतो, फक्त पाटी सरकवत होतो. पण मोटारीला दोन आरसे असतात, एक डावा, एक उजवा. अडला हरी गाढवाचे पाय धरी! मी गेले. जाताना त्याची पाटी होती तिथेच राहू दिली, तेवढं त्याने पाहिलं असावं.

“तुम्ही डावा आरसा कसा लिहिता?” मी विचारलं.

स्पेअरपार्टवाल्याने हातातलं काम टाकलं. “अहो वहिनी,” तो म्हणाला, “हे मला आजवर कुणी विचारलं नाही!” आणि जे बोलायला लागला! वस्तूच्या नावातच डावा लिहितो, पण नोकर कधी ‘डा’ लिहितो, कधी ‘लेफ्ट’, कधी विसरतो, आणि मागच्या मोजणीला त्याच्याकडे नुसते डावे दिवे निघाले, खोलीभर. माणूस कळवळून सांगत होता. माझ्याच शेजारी हा असा त्रासलेला बसलेला, आणि मी बापडी पाटी सरकवत होते. त्याने नमुने दिले, वर मला दारं बनवणाऱ्या सुताराकडे घेऊन गेला. डावं दार, उजवं दार, त्याची बिजागरीही वेगळी. तिसरी मिळाली कोपऱ्यावरची कानाची यंत्रं बसवणारी बाई. तिने दोन छोटी यंत्रं तळहातावर ठेवून दाखवली. “उजव्या कानाला लाल खूण, डाव्याला निळी. आमच्या धंद्यात हे पहिल्यापासून ठरलेलं आहे. पण हिशेबात लिहायला जागाच नाही, म्हणून मी ते शेऱ्यात लिहिते, आणि शेरा दुसऱ्या कॉम्प्युटरला वाचता येत नाही.”

झालं. एका दुपारी चष्मेवाल्याने आम्हाला स्क्रीनवर बोलावलं. माझ्या मागच्या खोलीत एका कॉम्प्युटरपुढे आम्ही चौघं, गुडघ्याला गुडघा लावून. माझ्या मनात होतं, आता काय, रकाना मिळाल्यातच जमा. तो म्हणाला, “नमुने उत्तम आहेत. एकच प्रश्न. डावा म्हणजे कुणाचा डावा?”

माझं डोकं फिरलं. “अहो, डावा म्हणजे डावा! तुम्हाला लहानपणी शिकवलं नाही का कुणी?”

“थांबा वहिनी,” सुतार म्हणाला. “प्रश्न बरोबर आहे. दार आतून डावं असतं ते बाहेरून उजवं होतं. यावरून माझी तीन दारं उलटी बसलीत.” स्पेअरपार्टवाला म्हणाला, आरसा चालवणाऱ्याच्या बाजूने धरायचा, पण रंगारी समोर उभा राहून सांगतो. कानवाली बाई म्हणाली, मी समोर बसते, तेव्हा माझ्या डावीकडे पेशंटचा उजवा कान असतो, नवीन मुली हमखास चुकतात. आणि मग चौघांनी एकदम बोलायला सुरुवात केली. काचेवर टकटक झाली. वन्संनी दार किलकिलं केलं. “आवाज कमी करा. माझं गिऱ्हाईक एका पायावर पळून जायचं.”

मी गप्प बसले. खरंच गप्प बसले, ह्यांनी ते पुढे आठवडाभर सगळ्यांना सांगितलं. कारण माझ्या लक्षात आलं, की मी ‘डावा’ लिहिलं असतं, तर मला कळलं असतं आणि सुताराला उलटं कळलं असतं. माझ्या अर्ध्या जोडीसारखंच ते. चष्मेवाला हट्टाने विचारत नव्हता. त्याला ते कुठेही उलटं वाचलं जायला नको होतं. हळूहळू, एकेक शब्द घासून, वाक्य तयार झालं. बाजू म्हणजे वस्तू ज्याच्या अंगावर असते किंवा जो ती वापरतो, त्याची बाजू. सुतार अडून बसला, दार कुणी अंगावर घालत नाही. तेव्हा दारापुरतं जोडलं, दार आपल्याकडे ओढणाऱ्याची बाजू. आणि रकान्यात लिहायचे शब्द तीनच. डावी, उजवी, लागू नाही. हा तिसरा मासेवाल्यांसाठी.

रकाना मंजूर झाला. संघानेही मुकाट्याने बूट जोडीऐवजी नगावर मोजायचं ठरवलं. मी अध्यक्षबाईंना फोन केला तेव्हा आवाजात जरा तोरा होताच. त्या म्हणाल्या, “छान. पण कागदावर मंजूर झालं म्हणून एकेकट्यांना संघात ठेवायच्या ठरावावर मी सही करणार नाही. एक खरी ऑर्डर एका कारखान्यातून दुसरीकडे बिनचूक जाऊ दे.” बाई पक्की आहे. मला आवडायला लागली होती, काय करणार.

ती ऑर्डर त्यांच्याकडूनच आली. एक बूट, बाजू डावी, तळ जाड. आमच्या फळीवर नेमका तसाच होता. पण गिऱ्हाईक खोक्याची वाट न बघता स्वतःच आलं. पोहायला शिकवणारे एक मास्तर, उजवा पाय मांडीपासून नाही, कुबड्या घेऊन भराभर चालणारे, पाठीला मोठी पिशवी. सगळा भार एकाच पायावर, म्हणून तळवा दुखायला लागला होता. वन्संनी पाय मांडीवर घेतला, बूट चढवला, टाचेत अंगठा दाबून पाहिला. आतून थोडं चामडं काढलं. पुन्हा घातला. मास्तर उभे राहिले, खोलीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

“दुखत नाही,” ते म्हणाले, जरा आश्चर्याने.

मी बिल दिलं. ते वाचत तसेच उभे राहिले. मला वाटलं काही चुकलं.

“यात लिहिलंय, नग एक, बाजू डावी,” मास्तर म्हणाले.

“हो. का? काय झालं?”

“काही नाही. पाय गेल्यापासून दुकानातून बूट घेतोय. एक देत नाहीत. बिल नेहमी जोडीचं.” मग त्यांनी पाठीवरची पिशवी उतरवून टेबलावर ठेवली. “तुमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, तुमच्याकडे एकेकट्या बुटाची नोंद होते. म्हणून आणले. बायको सारखी म्हणते, टाकून द्या. टाकवत नाहीत हो.”

पिशवीत बूट होते. काळे, तपकिरी, एक कॅनव्हासचा, एक समारंभात घालायचा चकचकीत. सगळे उजवे. एकाच्याही तळाला धूळ लागलेली नव्हती.

वन्संनी एकेक बूट हातात घेतला, वाकवून पाहिला, शिवण पाहिली आणि नुसती मान हलवली. मी बसले आणि एकेक नोंद करत गेले. माप. रंग. नग एक. बाजू उजवी. किंमत शून्य. सॉफ्टवेअर दरवेळी विचारत होतं, किंमत खरंच शून्य का? मी दरवेळी सांगत होते, हो रे बाबा, हो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ह्यांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं, चहा मात्र आणून ठेवला.

शेवटची नोंद व्हायच्या आतच यादीत एक ओळ हिरवी झाली, म्हणजे कुठलीतरी मागणी जुळली. नदीकाठच्या दाढीवाल्यांकडे एक माणूस महिनाभर थांबला होता. तेच माप, बाजू उजवी, काळा चालेल. लगेच फोन वाजला. अध्यक्षबाई. “वहिनी, हे उजवे आले कुठून?” मी सांगितलं. मग म्हणाल्या, “सही करून पाठवते. वन्संना सांगा, चामडं कुठलं हवं ते उद्याच कळवा.”

मी काचेतून खूण केली. वन्संनी एक हात छातीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने दाभण खाली ठेवली. एवढंच. पण मी उठून गेले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना घट्ट मिठी मारली. त्या म्हणाल्या, “अगं वहिनी, गोंद लागेल.” लागला.

ह्यांनी तो काळा उजवा बूट खोक्यात ठेवला, या वेळी दोनदा उलटसुलट बघून. फीत बांधणार, तेवढ्यात मास्तर म्हणाले, “थांबा जरा.” त्यांनी बूट परत बाहेर काढला आणि खुर्चीत बसून मांडीवर घेतला. आत गुंडाळून ठेवलेली लेस उलगडली. मग सावकाश, एकेका भोकातून ओवत, दोन्ही टोकं सारखी येतायत ना ते बघत, ती पूर्ण घातली आणि वर गाठ मारली.

“हं,” ते म्हणाले. “आता पाठवा.”